पत्र्यामागचा हात

त्या दुपारी मला फक्त एक पोचा काढायचा होता.

मी डेंटर आहे. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा माझा धंदा, आणि जुन्या गाड्या उघडून, निस्तरून पुन्हा रस्त्यावर आणणं हे माझं वेड. कामाच्या दिवशी लोकांच्या गाड्या आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये आमची स्वतःची एक. ‘आमची’ म्हणतो खरा, पण ती गाडी माझी नव्हती. ज्या गॅरेजमध्ये ती उभी होती तेही माझं नव्हतं, आणि ते गॅरेज ज्या घराला लागून होतं ते घरही नव्हतं. सगळं हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पहिल्या नवऱ्याचं. तो कावीळ होऊन गेला. काही वर्षांनी ती गाडी विकायला काढल्याचं कळलं म्हणून मी बघायला गेलो, आणि गाडी घेण्याऐवजी गाडीच्या मालकिणीशी लग्न करून तिच्याच घरात राहायला आलो. लोक पाठीमागे ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणायचे. 

पहिला घड्याळजी होता. मी त्याला मनात ‘पहिला’च म्हणायचो. गॅरेज त्याचा छंद, पण छंदही माणसाने किती टापटिपीने करावा? भिंतीवर त्याने प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगाने आकृती काढून ठेवली होती, म्हणजे काय जागेवर नाही ते एका नजरेत कळावं. माझी हत्यारं त्या आकृत्यांत बसायची नाहीत. मी माझा पाना टांगला की त्याच्या मागून पहिल्याच्या पान्याची कड दिसत राहायची. एकदा मी ती भिंत रंगवायला काढली, तर ही म्हणाली, "कशाला? राहू द्या की." एवढंच म्हणाली. पण माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते बरेच दिवस थांबलं नाही.

मेलेल्या माणसाशी बरोबरी करणं फार वाईट. तो घोरत नाही, त्याचं पोट सुटत नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो तोंड वाकडं करत नाही. त्यात ही त्याच्याबद्दल कधी चकार शब्द काढायची नाही. फोटो नाही, आठवण नाही, नावसुद्धा नाही. बोलली असती तर मी एकेक गोष्ट ऐकून एकेकीवर जळलो असतो आणि कधीतरी जळून संपलो असतो. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत मी काय काय भरून ठेवलं होतं ते माझं मलाच माहीत. बोलवत नाही इतकं प्रेम असणार, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि कधी न पाहिलेल्या त्या माणसाला मी अगदी पाण्यात पाहत होतो. मला फार काही नको होतं. हिने एकदा, एकदाच, मला त्याच्या वर ठेवावं, एवढंच.

गाडी त्याने अर्ध्यावर सोडली होती. इंजिन पुरं झालं होतं, दारं सरळ झाली होती. डावीकडचं मागचं मडगार्ड तेवढं चेपलेलं राहिलं होतं, जणू त्या एका पोच्यापाशी येऊन त्याचा हात थांबला होता. मी ठरवलं, ही गाडी मी पुरी करणार. नुसती पुरी नाही, बदलणार. रंग वेगळा, चाकं रुंद, सीटा नव्या, पुढचे दिवेसुद्धा दुसरे. शेवटी त्याचं काही दिसायलाच नको.

माझा एक पेंटर मित्र आहे. तो कुठल्याही पत्र्याला आधी फुंकर मारतो आणि मग बोलतो, म्हणून आम्ही त्याला फुंकर म्हणतो. रंग ठरवायला त्याला बोलावलं, तर तो गाडीभोवती फिरून फिरून कपाळाला आठ्या घालायला लागला.

"दुसऱ्याचं अर्धं काम आहे हे," तो म्हणाला. "पुढे नेण्याआधी त्याला विचारलंस का?"

"तो मेलाय."

"मग त्याच्या बायकोला विचार."

"ती माझी बायको आहे."

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून त्याने दाराला आणखी एक फुंकर मारली. "आमचे वस्ताद असलं काम घ्यायचे ना, तेव्हा पहिल्या कारागिराने लावलेला एक बोल्ट सोडायचे, पुसायचे आणि परत तसाच लावायचे. नमस्कार केल्यासारखं. तेवढं तरी कर."

मी ते केलं नाही. उलट तो गेल्यावर पहिल्याने बसवलेले चार बोल्ट काढून भंगाराच्या डब्यात टाकले आणि माझे बसवले.

आता पोचा कसा काढतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पत्रा नुसता बाहेरून ठोकला तर आणखी आत जातो. म्हणून त्याच्या मागे लोखंडाचा एक गुळगुळीत ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची. हातोडी आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडून पत्रा सपाट होतो. ठोकळा बरोबर जागी असला की आवाज येतो ‘ठण्’, भरीव. मागे काही नसलं की ‘भद्’, पोकळ. आमच्या धंद्यात कानाने काम चालतं. बहुतेक जागी एका हातात ठोकळा आणि दुसऱ्यात हातोडी असं एकट्याला जमतं. पण या गाडीचं मागचं मडगार्ड बॉडीलाच जोडलेलं होतं. तिथे एकाने डिकीत शिरून, चाकाच्या कमानीवरून हात खाली घालून ठोकळा धरायला हवा आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकायला हवं. एकट्याचं ते काम नाही.

मी फुंकरला बोलावलं होतं, तो अजून आला नव्हता. जेवण झालं होतं, ही आत आडवी झाली होती. बाहेर वारा सुटून धूळ उडत होती म्हणून मी शटर खाली ओढलं. भर दुपार असूनही गॅरेजमध्ये काळोख झाला. एकच दिवा, पत्र्याची टोपी घातलेला, गाडीच्या वर लोंबत होता. थिनरचा वास, जुन्या तेलाचा वास, खाली पुट्टीची पांढरी भुकटी. शटर मधूनच वाऱ्याने थरथरत होतं. फुंकर येईपर्यंत निदान कडेकडेने सुरुवात करावी म्हणून मी हातोडी उचलली.

भद्. भद्. आवाज अपेक्षेप्रमाणे पोकळ होता.

तिसरा ठोका मारला आणि आवाज आला, ठण्.

मी थांबलो. आत एखादी पट्टी असेल, असं वाटलं. थोडं खाली मारलं. ठण्. डावीकडे मारलं. ठण्. हाताला कळत होतं, पत्र्याच्या मागे लोखंड होतं आणि ते कोणीतरी धरलेलं होतं. नुसतं टेकलेलं लोखंड वेगळं लागतं आणि धरलेलं वेगळं. धरलेल्याला मनगट असतं.

पळून जायला हवं होतं, तुम्ही म्हणाल. पण खरं सांगतो, पहिले काही क्षण भीती वाटलीच नाही, काम इतकं सुरेख चाललं होतं. मी हातोडी जिकडे नेणार तिकडे ठोकळा आधीच जाऊन थांबलेला असायचा. न सांगता, न विचारता. इतकी वर्षं धंदा केला, असा जोडीदार मला कधी मिळाला नाही. पोचा पाण्यावरचा तरंग विरावा तसा विरत चालला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं, हे गॅरेज कोणाचं, ही गाडी कोणाची, आणि इथे आत बसून मला मदत करणारं कोण असणार.

अंगावर काटा आला. पण त्या काट्याखाली जे पेटलं ती भीती नव्हती. म्हणजे इथेही हाच? घर त्याचं, भिंत त्याची, बायकोच्या मनातली जागा त्याची. माझ्याकडे माझं म्हणून एक काम होतं, त्यातही हा हात घालणार, आणि उद्या मडगार्ड आरशासारखं झालं की त्यात अर्धा वाटा याचा. तेवढ्यात पत्र्याच्या आतून एक हलका आवाज आला. "हं…" असा. समाधानाचा. नवशिक्याचा हात बरा बसला की वस्ताद काढतो तसा.

मला ते सहन झालं नाही. ठोकळा कुठे आहे ते मला आवाजावरून कळत होतं, म्हणजे तो धरणारी बोटं कुठे असतील तेही कळत होतं. ठोकळ्याच्या कडेच्या जरा बाहेर, जिथे पत्रा आधीच फाटून भोक पडलं होतं तिथे, मी हातोडी फिरवली आणि सगळा जोर लावून मारली.

आवाज ठण् नव्हता, भद्ही नव्हता. मऊ होता…

आत कोणीतरी श्वास ओढला. ठोकळा खाली पडून गडगडला. मग काही नाही.

मी डिकी उघडली. कोणी नव्हतं. एरवी भिंतीवर पांढऱ्या आकृतीत टांगलेला असायचा तो पहिल्याचा जुना ठोकळा डिकीच्या तळाशी पडला होता, आणि भिंतीवर नुसती आकृती होती. डिकीत ओल्या केसांचा वास होता, नुकतेच धुतलेल्या. पुरुषाच्या केसांचा तो वास नव्हता. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

 घराकडचं दार वाजलं आणि ही चहा घेऊन आली.

"तुम्ही ठोकत होतात ना?" ती म्हणाली. "झोपेत ऐकू येत होतं. मला वाटलं…"  तिची नजर उघड्या डिकीत गेली. "हा ठोकळा तुम्ही आत ठेवलात?"

"हो," मी म्हणालो.

"हा मी धरायची."

कप तिने बॉनेटवर ठेवला.  आमच्या लग्नानंतर ती पहिल्यांदा त्या दिवसांबद्दल बोलत होती.

"तो बाहेरून ठोकायचा, मी आत बसून धरायची. मला आवडायचं ते. अंधारात बसायचं आणि बाहेरचा हात ओळखायचा. त्याचे ठोके हलके असत. दोन मारायचा, मग थांबायचा. दोन मारायचा, मग थांबायचा. घड्याळजीच तो." ती किंचित हसली, पण ते हसू टिकलं नाही. "हे मडगार्ड करत होतो त्या दिवशी तो म्हणाला, पाण्याचा पंप बंद करून येतो. मी आतच बसून राहिले, नाहून आले होते, केस ओले होते, बाहेर धूळ होती. मग ठोके सुरू झाले. मला वाटलं, आला. त्या दिवशी ठोके वेगळे होते, भरदार. मला वाटलं, शिकला एकदाचा. मी आतून म्हटलंसुद्धा, हं, असं… आणि मग…"

तिने उजवा हात दिव्याखाली धरला. तिचं मधलं बोट वरच्या पेरापासून वाकडं आहे. लग्नाआधीपासून आहे. मी विचारलं होतं तेव्हा ‘जुनं आहे’ म्हणाली होती, आणि जुन्या गोष्टींत मला शिरायचं नव्हतं.

"मी बाहेर आले तर तो घराकडच्या दारातून आत येत होता. हात ओले. म्हणाला, मी नव्हतो. शटर खाली, घरात आम्ही दोघंच. मग कोण? म्हणाला, माहीत नाही, पण मी नव्हतो." तिचा आवाज बारीक झाला. "मारल्याचं नाही हो मला काही वाटलं. चुकतो एखाद्याचा हात. पण खोटं बोलला. त्यानंतर मी कधी डिकीत शिरले नाही, आणि त्याने गाडीवर कापड टाकलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा तेच म्हणत होता. अगं, मी नव्हतो. मी तोंड फिरवलं. त्याचं नाव काढावंसंच वाटलं नाही मला पुन्हा."

आता सांगतो, त्यावरून मी कसा माणूस आहे ते तुम्ही ठरवा. हे ऐकून मला आधी आनंद झाला. इतकी वर्षं ज्या मुठीवर मी जळत होतो ती रिकामी होती. प्रेम नव्हतंच त्यात, राग होता. मी केव्हाच त्याच्या वर होतो. मग तो आनंद विझला, कारण तो मला कसा मिळाला होता ते माझ्या हातातली हातोडी जाणून होती; तेव्हाचा तो ठोका मी आज मारला होता.

सांगितलं तर? सांगितलं तर तो सुटतो. इतक्या वर्षांची माया एका क्षणात त्याच्याकडे परत जाते, व्याजासकट, आणि मी उरतो तिचं बोट मोडणारा. मी गप्प बसलो. एक मेलेला माणूस खोटारडा राहिला तर त्याचं काय बिघडतं, असंही मनात आलं.

ही डोळे पुसून एकदम पुढे आली. "आज धरू का मी?" ती म्हणाली. "एवढं राहिलंय, होऊन जाऊ दे. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे."

हीच गोष्ट मला तिच्या तोंडून ऐकायची होती. नको म्हणायला मला कारण सापडेना. साडी सावरून ती डिकीत शिरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली, ठोकळा उचलला आणि झाकण स्वतःच आतून ओढून घेतलं, सवयीने. मी हातोडी घेतली. या वेळी अगदी हळू मारत होतो.

ठण्… ठण्…

"छान," आतून आवाज आला. "असंच चालू द्या."

मला पुढे मारवेना. हातोडी खाली घेतली. आता सांगून टाकावं, होईल ते होईल, असं एकदा वाटलं. मी तोंड उघडलं…

आणि ठोके चालूच राहिले.

ठण्-ठण्. मग शांतता. ठण्-ठण्. मग शांतता.

हलके ठोके. माझी हातोडी माझ्या मांडीजवळ लोंबत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, पत्रा आपोआप वर येत होता. शटरची थरथर थांबली होती.  आत ही श्वाससुद्धा घेत नसावी.

"आलास?" ती म्हणाली.

माझ्याशी ती कधी एकेरीत बोललेली नाही. आणि त्या आवाजात, काय सांगू, माझ्या वाट्याला कधी न आलेलं सगळं होतं. मला भीती वाटत होती, आणि तरीही माझ्या मनात एवढंच होतं की हिने माझ्याशी असं कधी बोलू नये?

ठण्-ठण्.

"किती वर्षांनी रे…"  मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं, "तू नव्हतास ना तो?"

ठोके थांबले.

"सांग ना. नव्हतास ना?"

एकच ठोका पडला. इतका हलका की तो पत्र्यावर पडला की माझ्या छातीत, ते कळलं नाही. आत ही रडायला लागली. त्या रडण्यात दुःख नव्हतं, सुटका होती. मी ते ऐकत उभा राहिलो, आणि मला स्वच्छ कळलं की मी हरलो.

तरी अजून एक गोष्ट माझ्याकडे होती. तिला माहीत नव्हतं.

"मग कोण होतं?" ती म्हणाली.

गॅरेजमध्ये कशाचाच आवाज नव्हता. मग ठोका पडला, पण मडगार्डवर नाही. मागच्या बंपरवर. मग खाली ठेवलेल्या पुट्टीच्या डब्यावर. मग टेबलाला जोडलेल्या शिकंज्यावर. प्रत्येक ठोका माझ्या जवळ येत होता, घाई न करता. मग डोक्यावरच्या दिव्याच्या टोपीवर, आणि दिवा हलला, माझी सावली भिंतीवरच्या त्या आकृत्यांवरून इकडून तिकडे गेली. मी म्हणालो, "नको…" तेवढंच म्हणालो, आणि तेही तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

शेवटचा ठोका माझ्या हातातल्या हातोडीवर पडला. हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

डिकीचं झाकण वर झालं. ही बाहेर आली, सावकाश, एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरून. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या डाव्या बाजूला, थोडं वर, माझ्यापेक्षा उंच माणूस तिथे उभा असावा अशी तिने नजर लावली. ती ऐकत होती. मधूनच मान हलवत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त कानाच्या मागे कोणाचा तरी श्वास लागत होता.

त्याचं सांगून संपेपर्यंत ती थांबली. मग तिने आधी माझ्या हातातल्या हातोडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.